रश्श्याशेजारचा पेला

मटणाच्या जेवणासोबत प्यायला काय असावे, हा विषय धर्मगुरूने हाती घ्यावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मनात ती उशिरा आली. विचारणाऱ्याने फोन खाली ठेवण्यापूर्वीच आम्ही उत्तर देऊन मोकळे झालो होतो. त्या उतावीळपणाची ही हकिगत आहे.

मावळातील शिरगाव हे सोमाटणे फाट्याजवळचे गाव. साईबाबांच्या मंदिरामुळे ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ते आता सर्वतोमुखी झाले आहे. आमचे यजमान मात्र मूळचे खऱ्या शिर्डीकडचे, राहाता तालुक्यातले. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि कुटुंब इकडे स्थिरावले. एका शिर्डीहून निघून दुसऱ्या शिर्डीत आलो, असे ते हसत सांगतात. १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी, त्यांच्या बाळाचा स्नानसंस्कार होता. सायंकाळी घरचे जेवण. मटण त्यांच्या मातोश्री स्वतः करणार होत्या. “फादर, सोबत प्यायला काय ठेवू? तुम्हांला यातलं कळतं,” असे त्यांनी विचारले, आणि या शेवटच्या तीन शब्दांनी आमचा घात केला.

यातले आम्हांला कळते, ही कीर्ती आम्ही सेमिनरीपासून वागवत आलो आहोत. आमचा जन्म वसईकडचा. पहाटे उतरवलेली माडी गोड असते आणि माध्यान्हीपर्यंत आंबते, एवढे ज्ञान आम्हांला बाराखडीबरोबरच मिळाले. पुढे पुण्यात रामवाडीच्या सेमिनरीत युरोपातून आलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी तांबड्या मांसास तांबडी वाईन आणि मासळीस पांढरी, हा नियम ईशज्ञानाच्या जोडीने आमच्या गळी उतरवला. त्या नियमाच्या बळावर आम्ही फोनवर निर्णय दिला: नाशिककडची तांबडी वाईन, दोन बाटल्या, अर्धा तास थंड करून.

निर्णय चुकीचा होता, आणि दोन कारणांनी चुकीचा होता. पहिले कारण स्वयंपाकाचे. युरोपातील भाजलेले मांस वेगळे आणि आमच्या नगरी माणसांचा काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा. तांबड्या वाईनमधील तुरट द्रव्य स्निग्ध मांसाशी जुळते खरे. पण मिरची मध्ये आली की तो तुरटपणा जिभेवर खरखरीत होतो. मद्यार्काने मिरचीचा दाह शमत नाही, उलट वाढतो. पाण्यानेही तो जात नाही, कारण मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. ते विरघळते स्निग्धांशात. म्हणून ठसका लागलेल्या मुलाला आई पाणी न देता दुधाची वाटी देते.

दुसरे कारण आम्हांला स्वयंपाकघरात कळले.

आम्ही तासभर आधी पोहोचलो होतो. आजी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण पातेल्यात परतत होत्या. परातीत बाजरीचे पीठ होते. आणि फडताळावर त्या दोन बाटल्या सत्कारमूर्तीसारख्या उभ्या होत्या. आजींनी पाठ न वळवताच विचारले, “फादर, पहिला पेला तुम्हीच उचलणार ना?”

आम्ही म्हणालो, “रीत तशी आहे.”

“तुम्ही उचलला की समदे उचलतील. थोरल्याला अकरा महिने झाले, शिवला नाही. तो नाही म्हणायचा नाही. तुमच्यासमोर कसा म्हणंल?”

थोरला मुलगा बाहेर ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या मुक्तांगणमध्ये तो राहून आला होता. हे घरातील सर्वांना ठाऊक होते. आम्हांला नव्हते, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते.

वाचकहो, आजींचा प्रश्न ऐकून आमचे हात गार पडले, त्याला जुने कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात विवाहाच्या रौप्यमहोत्सवी जेवणात एका गृहस्थांनी पेला परत सारला. “अहो, काना गावी ख्रिस्ताने पाण्याचे सरबत केले नव्हते,” असा विनोद आम्ही केला. सारे हसले. त्यांनी पेला घेतला. नंतरची चार वर्षे त्या घराने काय भोगले, ते लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्यांच्या पत्नीने आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच आजवर सलते.

योगायोग असा, की शिरगावच्या त्या रविवारचे शुभवर्तमान काना गावच्या लग्नाचेच होते. सकाळी आम्ही सहा दगडी रांजणांवर प्रवचन दिले होते. द्राक्षारस संपल्याचे प्रथम मरियेच्या ध्यानात आले, असेही आवर्जून सांगितले होते. भोजनप्रमुखाला मात्र शेवटपर्यंत काही कळले नव्हते.

आम्ही दारूबंदीचे प्रचारक नाही. रोज वेदीवर द्राक्षारस हाती घेणाऱ्याने त्या पदार्थाला पाप म्हणणे शोभत नाही. पण वेदीवरही सवलत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी २००३ साली जगभरच्या बिशप परिषदांना पाठवलेल्या पत्रानुसार, ज्यांना मद्यार्क वर्ज्य आहे त्यांना बिशपांच्या परवानगीने ‘मुस्टुम’ वापरता येतो. मुस्टुम म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला, पण मूळ स्वरूप न बदललेला द्राक्षांचा रस. ज्या मातेने वेदीवर हा विचार केला, तिच्या पुत्रांनी जेवणाच्या पानावर तो करू नये, हे कसे?

बाटल्या आम्ही यजमानांकरवी कपाटात ठेवल्या. आता पर्याय काय? ताक सुचवताच आजी म्हणाल्या, “मटणावर ताक? आमची सासू उठून येईल!” कोल्ड्रिंक मुलांसाठी आणलेले होते; पण गोड फेसाखाली रश्श्याची चव बुडते. घरात दोन नारळ होते. आम्ही सोमाटण्यावरून कोकमाचे आगळ आणवले, बाह्या सरसावल्या आणि सोलकढी करायला बसलो. नगरच्या चुलीपुढे सोलकढी म्हणजे कोकणची पाहुणीच. नारळाचे दूध काढले, त्यात लसूण, एक हिरवी मिरची, कोथिंबीर आणि आगळ घातले. वर सढळ हाताने मीठ. आगळात मीठ असतेच, हे आम्ही विसरलो. अशा रीतीने आमचे पाकशास्त्र उघडे पडले. मग पाणी घालून घालून तिचा गुलाबी रंग पार फिका झाला.

तरीही ती रश्श्याला जुळली. नारळाच्या दुधातील स्निग्धांशाने तिखट उचलले, कोकमाच्या आंबटपणाने चरबी धुतली आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. आम्ही तोच पेला उचलून बाळाला आशीर्वाद दिला. सर्वांनी उचलला. थोरल्यानेही. त्याने एकदा आईकडे पाहिले, एकदा आमच्याकडे, आणि पेला पुन्हा पुढे केला.

सारेच प्रसन्न होते असे नाही. एक मेहुणे पान खाण्याच्या निमित्ताने बाहेर गेले, ते अर्ध्या तासाने लवंग चघळत परतले. आम्ही काही बोललो नाही.

निघताना आजींना सोलकढी कशी झाली होती, असे विचारले. “बरी होती,” त्या म्हणाल्या. “ईस्टरला या. मटण मी करीन, कढीबी मीच करीन. तुम्ही नुसतं आगळ आणा.”