पाच वाक्ये

दिवाळीच्या फराळाची तयारी घरात सुरू झाली, की मला हमखास अर्थशास्त्र आठवते. वाचक हसतील, पण करंजी आणि अर्थशास्त्र यांची माझ्या आयुष्यात एकदा जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. परवा ती पुन्हा आठवली, त्याला निमित्त झाली आमच्या शेजारची मुलगी.

मुलगी हुशार. इथे कळव्यातच बारावीपर्यंत मराठीतून शिकली, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि यंदा ठाण्याच्या कॉलेजात जाऊ लागली. सकाळी घाईघाईने स्टेशनकडे धावताना ती मला रोज दिसते. परवा मात्र संध्याकाळी घरी आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "आजोबा, मी कॉलेज सोडतेय."

मी तिला बसवले, पाणी दिले. हळूहळू सारे बाहेर आले. वर्गात शिकवतात ते इंग्रजीतून. ते डोक्यावरून जाते. म्हणून ती टिपणे पाठ करते. पेपरात एखादा शब्द आठवला नाही, की पुढचे सगळेच अडते. पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले होते. शेवटी खाली मान घालून ती म्हणाली, "आईला अजून सांगितलेलं नाही."

बाकीच्या तक्रारी मी शांतपणे ऐकल्या होत्या. या एका वाक्याने मात्र मी चपापलो. कारण मीही सांगितले नव्हते.

ही गोष्ट १९७० सालची. त्याच्या आदल्याच वर्षी विद्या प्रसारक मंडळाची कॉलेजे ठाण्याच्या खाडीकाठी निघाली होती. उच्च शिक्षण आता अगदी दाराशी आले, असे आम्हा खाडीअलीकडच्या मुलांना वाटू लागले होते. मीही ठाण्यातल्याच एका कॉलेजात नाव घातले. पैसे वाचवावेत म्हणून पुलावरून पायी जात असे. वडील गिरणीत कामाला. त्यांना आम्ही 'दादा' म्हणत असू. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले. पण मुलगा कॉलेजात जातो याचा त्यांना एवढा अभिमान, की माझी पुस्तके ते हात धुतल्याशिवाय उचलत नसत.

शाळेत इंग्रजी हा एक विषय होता. कॉलेजात तो सगळ्याच विषयांचा दरवाजा झाला, आणि तो दरवाजा मला उघडता येईना. मग मी पाठांतर आरंभले. 'लॉ ऑफ डिमिनिशिंग युटिलिटी', म्हणजे घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त, मी स्वल्पविरामासकट पाठ केला. परीक्षेत पहिली ओळ झरझर उतरली, दुसरीतला एक शब्द निसटला आणि एक वीट काढताच भिंत ढासळावी तशी माझी अख्खी व्याख्या कोसळली. अर्थशास्त्रात मला शंभरात एकोणीस गुण मिळाले.

गुणांचा कागद इंग्रजीत होता. दादांनी विचारले, "काय लिहिलंय रे?" मी म्हणालो, "चांगले आहेत मार्क." त्यांनी मान हलवली आणि मी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. नापास होण्याचे दुःख होतेच. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच मी फसवले, याची लाज त्याहून मोठी होती.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली असताना आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावले. माझा पेपर त्यांच्यापुढे होता. म्हणाले, "पहिली ओळ पुस्तकातली आहे. ती सोड. तुला काय समजलंय ते सांग."

मी गप्प.

"इंग्रजीत नको. मराठीत सांग."

मराठीत सांगायचे तर आधी समजायला हवे! मी चाचपडत म्हणालो, "सर, दिवाळीत पहिली करंजी फार गोड लागते. दुसरीही लागते, पण पहिलीइतकी नाही. चौथीला आपण नको म्हणतो. करंजी तीच असते. आपली गरज कमी झालेली असते."

सर मोठ्याने हसले. "हाच सिद्धान्त! आता हेच पाच लहान वाक्यांत लिहून आण. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मोठं वाक्य लिहिलंस तर मी खोडीन. आणि घरी अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाला समजावून सांग. त्याला कळलं तर तुला कळलं."

पुढे वाचनात आले, की हे दुखणे माझ्या एकट्याचे नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तीही त्याच साली. म्हणजे एका भाषेतून दुसरीत जायचा पूल आणि पलीकडची पेठ एकदमच तयार झाली म्हणा ना! पण त्या पेठेत मराठीला फार दिवस थारा मिळाला नाही. पदवीच्या अभ्यासक्रमातून ती लवकरच बाहेर पडली आणि तिला परत आत घेण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना मोठी खटपट करावी लागली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, ते मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण ठेवूनच. ही मोठी माणसे ज्यासाठी झगडली, ते मला एका करंजीने समजले: कळणे आपल्या भाषेत होते, सांगणे मग कोणत्याही भाषेत शिकता येते.

सरांच्या सांगण्यावरून मी नवी रीत धरली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला वर्गात ऐकलेले नेमके शब्द. सगळी वाक्ये नव्हेत, कारण सगळे उतरवू गेले की ऐकायचे राहून जाते. उजव्या बाजूला त्याच दिवशी रात्री, पुस्तक मिटून, मला समजले ते मराठीत. आठवले नाही तिथे जागा कोरी. ती कोरी जागाच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास कोणता ते सांगे. मग पाच वाक्ये इंग्रजीत. त्यासाठी तर्खडकरांची जुनी भाषांतर पाठमाला पुन्हा काढली. अवघड विषय असला तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे. १८९३ सालापासूनची ती संस्था. तिथे बसून आधी मराठीत वाचून घ्यायचे आणि मग इंग्रजी पुस्तकाला हात घालायचा. प्रश्नपत्रिका हातात पडली की आधी क्रियापदाखाली रेघ: 'स्पष्ट करा' म्हटले आहे, 'तुलना करा' म्हटले आहे की 'चर्चा करा'? तुलना मागितली असता वर्णन करून येणारे आमच्यात पुष्कळ होते. मी त्यांचा पुढारी होतो.

आणि अर्थशास्त्र न शिकलेला माणूस? तो घरातच होता. पाळीहून आले की दादा चहा घेत बसत आणि मी त्यांच्यापुढे दिवसाचा धडा मांडी. दादा शांतपणे ऐकत आणि मग एकच शब्द विचारीत, "का?" मागणी वाढली की भाव का वाढतो? मग पगार का वाढत नाही? या दुसऱ्या प्रश्नाने मला दोन दिवस ग्रंथालयात बसवले! इतका कठोर परीक्षक मला पुढे विद्यापीठातही भेटला नाही.

असे दोन महिने गेले. एके दिवशी धडा संपल्यावर मला राहवेना. तो कागद काढून दादांपुढे ठेवला आणि म्हणालो, "दादा, मी खोटं बोललो होतो. मी नापास झालो होतो."

दादांनी कागदाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. चांगल्या मार्कांचा कागद कोणी घडी घालून खिशात ठेवतं काय? तू कधी सांगतोस त्याची वाट बघत होतो." मग थोडे थांबून म्हणाले, "ते पगाराचं राहिलंय. ते सांग आता."

त्या वर्षी मी पास झालो. गुण काही फार नव्हते. पण त्यातले एकही वाक्य उसने नव्हते.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. तिचे दिवस माझ्यापेक्षा बरे आहेत. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश आज तिच्या फोनवर फुकट उघडतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आहेत. विचारावे त्याचे तयार उत्तर लिहून देणारी यंत्रेही आहेत म्हणे. पण दुसऱ्याने चावलेली करंजी आपल्या तोंडात कशी गोड लागणार? पाच वाक्ये ज्याची त्यानेच लिहायला हवीत.

ती म्हणाली, "पण आजोबा, मी समजावून सांगू कुणाला? आईला तर..."

"आधी आईला ते मार्क सांग. आणि मग धडाही तिलाच सांग. ती दमलेली असली तर माझ्याकडे ये."

काल ती आली. आईला सांगितले होते; डोळे थोडे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ होती. तिने मला ताळेबंद समजावून दिला. मुलीने खरोखर चांगले सांगितले. मला पहिल्याच वेळी सारे कळले. पण मी करंजीची बशी तिच्यापुढे सरकवली, चष्मा पुसला आणि दादांसारखाच चेहरा करून विचारले,

"का?"