पंचांचा कागद

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर बगरू येतं. दाबू छपाईचं हे गाव. काळी माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचा भुगा मळून तो चिखल लाकडी ठशाने कापडावर उठवायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, वाळवायचं आणि कापड निळीत बुडवायचं. चिखल बसला तिथे रंग चढत नाही. राजस्थानातले अनेक हिंदू छिपे, म्हणजे कापड छापणारे, संत नामदेवांशी आपलं नातं सांगतात, त्यामुळे मराठी माणसाची इथे लगेच ओळख निघते.

मी मात्र जाते ती माझ्या कामासाठी. कौटुंबिक कायदा हा माझा अभ्यासाचा विषय, आणि एका जिल्ह्यात किती कायदे शेजारीशेजारी नांदतात ते इथे उघड दिसतं. हिंदू छिप्याला 1955 चा हिंदू विवाह कायदा, सांगानेरच्या मुसलमान छिप्याला शरियत, मीणा अनुसूचित जमात म्हणून त्यांची वेगळी रूढी. शिवाय सगळ्यांच्या डोक्यावर आपापल्या जातीचे पंच.

एका बाईने मला तिचा कागद दाखवला. पहिल्या नवऱ्याचं घर सोडून ती दुसऱ्याकडे ‘नात्याने’, म्हणजे रूढीच्या दुसऱ्या लग्नाने, गेली होती. स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्या, पहिल्या नवऱ्याचा अंगठा आणि ‘झगड्या’ची रक्कम, म्हणजे दुसऱ्याने पहिल्याला मोजलेले पैसे. तिची सही कुठेच नव्हती. बाई आठवी शिकलेली. तुझी सही का नाही, असं विचारलं तर म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही.

तरीही हा कागद फाडून टाकावा असं मला वाटत नाही. आपल्याकडेही बाईच्या दुसऱ्या लग्नासाठी पाट होता, मोहतूर होता, आणि सोडचिठ्ठी होती. ज्या काळी वरच्या जातीतल्या विधवेचं केशवपन होई, त्या काळी कुणबी, माळी, कुंभारांच्या बायका दुसरा संसार थाटत. एल्फिन्स्टनच्या 1827 च्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यात देशाच्या रूढीला मान दिला, आणि त्याच वर्षी आर्थर स्टीलने दख्खनच्या जातीजातींचे रिवाज प्रमुखांना विचारून छापले. पुढे 1876 मध्ये शंभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं, की नवरा जिवंत असताना बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार जातीला नाही. जी मोकळीक बाईला जातीत होती, ती सरकारी न्यायालयाने अशी काढून घेतली. 1955 च्या कायद्याने कलम 29 मध्ये रूढीचा घटस्फोट राखला, हे शहाणपणाचं झालं. फक्त रूढी आहे असं म्हणून भागत नाही, ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे पुन्हा बजावलं. सिद्ध झाली नाही तर त्या बाईचं दुसरं लग्न बेकायदा, आणि पोटगी, वारसा, पेन्शन सगळंच अडतं. पंच तोवर आपापल्या घरी गेलेले असतात.

आता रूढीची दुसरी बाजू पाहायला जयपूर जिल्ह्यातलंच भटेरी घ्या. 1992 साली भंवरीदेवी या साथिनीने, म्हणजे सरकारच्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीने, एका गुर्जर घरातल्या तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. बालविवाहबंदीचा कायदा 1929 पासून होता. ती त्याच कायद्याचं काम सरकारच्या वतीने करत होती. गावाने तिच्याशी व्यवहार तोडला. तिला कोणी दूध विकेना, तिची मडकी कोणी घेईना. 22 सप्टेंबरला तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले, कारण वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत असं न्यायालयाला वाटलं. म्हणजे तिथे जातीचा कायदा चावडीवर होता आणि न्यायालयातही. हे वाचताना मला आजही संताप येतो. पुढे विशाखा आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली. देशात त्यासाठी कायदा नव्हता, म्हणून न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. भारताने तो 1993 मध्ये मान्य केला होता. मानवी हक्क म्हणजे परदेशातून आणलेली कल्पना, असं म्हणणाऱ्यांनी भटेरीचा हा प्रवास जरूर वाचावा.

कायदे अनेक असण्याने माझी झोप उडत नाही. ज्याचा आवाज सगळ्यात बारीक, त्याला यातला कुठला कायदा लागेल हे दुसरेच ठरवतात, याने उडते. दिल्ली उच्च न्यायालयापुढे 2021 मध्ये एक मीणा जोडपं आलं. नवरा हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मागत होता, बायको म्हणत होती, आम्हाला तो कायदा लागूच नाही. लग्न हिंदू रीतीने झालं म्हणून कायदा लागू, असा निकाल झाला. न्यायालयाने त्यात बायकांच्या संरक्षणाचाही विचार केला आणि तो मला पटतो. पण जमातीच्या बाईने रूढीचीच ढाल का उचलली, हेही समजून घ्यायला हवं. एकच कायदा केला की हे सुटेल, असं मानणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावं. तिथल्या समान म्हणवणाऱ्या संहितेसोबत 1880 चा हिंदूंच्या चालीरीतींचा हुकूमही आहे, आणि मुलगा नसेल तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट त्याने ठेवली.

मुंबईत 1951 साली छागला आणि गजेंद्रगडकर यांनी नरसू अप्पा माळी खटल्यात म्हटलं, की व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाही. दोघेही थोर न्यायाधीश, पण त्या निकालाने बाईचं फार नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. रूढी चालू द्या, पंचही बसू द्या, पण प्रत्येक रूढीला मूलभूत हक्कांपुढे उत्तर द्यावं लागावं. रूढीच्या घटस्फोटाची नोंद दंडाधिकाऱ्यापुढे व्हावी आणि त्याआधी बाईला एकटीला बसवून विचारावं. याला फार खर्च नाही.

पंचांचं मोठं हत्यार म्हणजे बहिष्कार. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो 2017 मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्धची मोठी चळवळ होती. पण बहिष्कारबंदीचा 1949 चा मुंबईचा कायदा 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरांच्या प्रकरणात रद्द केला होता, धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे म्हणून. त्या निकालाचा फेरविचार फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. संप्रदायाचा हक्क मोठा, की त्यातून बाहेर काढलेल्या माणसाचा, हा प्रश्न तिथे आहे. माझं उत्तर दुसऱ्या बाजूने आहे.