गाणे, साक्ष आणि मराठवाडा

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट साहित्याच्या अभ्यासकांनी एक संहिता म्हणून पाहावा, असे आम्हांस वाटते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्या मृत्यूचा अर्थ शोधत दिग्दर्शकाने चौदा वर्षे चित्रण केले.

सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात गाणे सजावटीसाठी येत नाही. ते साक्ष देते. पुढे पुण्याच्या कबीर कला मंचातील तरुण मुले येतात. शीतल साठे यांचा आवाज ऐकताना जाणवते, की पाठ्यपुस्तकात छापलेले शाहिरी गीत हा त्या गाण्याचा केवळ सांगाडा असतो. या आवाजाची किंमतही मोठी होती. नक्षलवादी संबंधांच्या आरोपामुळे मंचातील काहींना भूमिगत व्हावे लागले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे व सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले.

हे पाहताना मन नांदेडकडे वळते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे या तरुणाने नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले.

आज नांदेड-लातूरचे पदव्युत्तर विद्यार्थी दलित साहित्याची वैशिष्ट्ये क्रमवार लिहितात. विद्रोह, नकार, वेदना हे शब्द त्यांना पाठ आहेत. मात्र पोचीराम कांबळे कोण, असे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. संज्ञा उरली आणि माणूस निसटला, हे साहित्याच्या अध्यापनापुढचे खरे संकट आहे.

१९७८ साली विशीत असलेले कार्यकर्ते आता सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांची गाणी अनेकदा वहीत नसतात, कंठात असतात. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने कंधारला, उदगीरला जावे, त्यांच्यासमोर बसावे आणि ध्वनिमुद्रण करावे. समीक्षा त्यानंतरही करता येईल. तो कंठ मात्र थांबणार नाही.