दुसरा उंचवटा

वॉर्डात ज्याला सगळे इंट्राकॅथ म्हणतात, त्या सलाईनच्या नळीच्या टोकावर मी काम करते. पंख, रंगीत टोपी, इंजेक्शनचं पोर्ट हे सगळं साच्यातून एकदा नीट आलं की फारसं छळत नाही. शेवटचे दोन मिलिमीटर मात्र रोज छळतात.

रचना सांगायला सोपी आहे. आत पोलादी सुई, तिच्यावर घट्ट बसलेली टेफ्लॉनची किंवा पॉलियुरेथेनची नळी. सुईनं वाट करून द्यायची, नळी शिरेत सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये भूलशास्त्र शिकत असलेल्या डेव्हिड मासा यांनी 1950 साली सुईवर प्लास्टिकची नळी चढवली, ती या घराण्याची मूळ पिढी. त्याआधी बहुधा पोलादी सुईच शिरेत राहायची. हात फळीला बांधून ठेवावा लागे, कारण तो जरा हलला की शीर फुटायची.

आता नळी मऊ झाली, पण आत शिरताना एक पायरी उरली. सुईचं टोक नळीच्या थोडं पुढे असतं, आणि त्या टोकाच्या जरा मागे नळीची कड सुरू होते. आमच्या चाचणीत हे सगळं एका पातळ फिल्ममधून ठराविक वेगानं खाली उतरवतात आणि लागलेल्या जोराचा आलेख निघतो. त्यात दोन उंचवटे दिसतात. पहिला सुईच्या धारेचा. तीन पैलूंत घासलेलं टोक आणि वर सिलिकॉनचा थर असला की तो बराच खाली येतो. दुसरा नळीच्या कडेचा. पेशंट दुसऱ्यांदा कळवळतो तो इथे. टोक गरम साच्यात दाबून कड निमुळती करतात, त्याला आम्ही टिपिंग म्हणतो. कड जाड राहिली तर आलेख चढतो. फार पातळ केली तर कातडीवर अडून मागे सोलली जाते. पिवळी, म्हणजे लहान मुलांची 24 गेजची नळी बाहेरून जेमतेम 0.7 मिलिमीटर. तिच्यात या दोन चुकांच्या मधली जागा फारच अरुंद.

मुलांच्या वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरांनी मला या पायरीची दुसरी बाजू दाखवली. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून पलंगाच्या कडेला लावलेले, बाळाचा हात आईनं धरलेला. सुईच्या मागच्या डबीत रक्त चमकलं तरी सिस्टर थांबल्या नाहीत. सुई आडवी केली, केसभर पुढे नेली, मग सुई किंचित मागे घेतली. नळीत रक्ताची रेघ चढली, तेव्हा कुठे त्यांनी नळी सरकवली. “मॅडम, डबीत रक्त आलं म्हणजे सुई पोचली. नळी अजून बाहेरच असते हो. नवीन मुली तिथेच खूश होतात, मग लाइन आउट.”

ती रेघ दिसावी म्हणून नळी पारदर्शक हवी. पण नळीचा तुकडा शरीरात राहिलाच, तर तो एक्स-रेत सापडायला हवा. त्यासाठी प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट घालतात, आणि ते सगळीकडे घातलं की नळी पांढरी होते. म्हणून त्याचे बारीक पट्टे ओढतात. रक्त दिसतं ते पट्ट्यांच्या मधून. पट्टा किती रुंद, यावर आमच्याकडे चिक्कार वाद होतात.

सिस्टरांची एक तक्रार मात्र मला पटली नाही. नळ्या फार गुळगुळीत झाल्या, हाताला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. दुसरा उंचवटा उतरवला की नळी आत गेल्याची हाताला मिळणारी खूणही जाते. तरी मी तो उतरवणारच, कारण ती खूण पेशंटच्या दुखण्यातून मिळते. हाताची खूण काढून घेतली तर ती डोळ्याला देणं मात्र माझ्या अंगावर येतं. म्हणून नवे नमुने दाखवायला जाताना हल्ली मी रात्रपाळीची वेळ मागते. वॉर्डातल्या मंद दिव्यात पट्ट्यांमधून रेघ दिसली नाही, तर आलेख कितीही सपाट असो, तो नमुना परत येतो.