भरतीला काय करशील?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहा वर्षं वर्गात मराठी बोललं की फाइन आणि घरी आजीसमोर इंग्लिश फाडलं की धपाटा! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, मला नको.

तर विषय आहे आमचा पाचव्या सेमचा मिनी प्रोजेक्ट. नाल्यात तरंगता अडसर टाकायचा, म्हणजे वरून वाहत येणारं प्लास्टिक खाडीत शिरायच्या आधीच अडकेल. बस, एवढंच. आयडिया माझी नाही. बोयान स्लाट नावाच्या डच मुलाने २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी 'द ओशन क्लीनअप' ही संस्था काढली, तीसुद्धा डेल्फ्टचं एरोस्पेस इंजिनीअरिंग सोडून. (हे वाक्य मी घरी वाचून दाखवलेलं नाही.) सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून ६०० मीटर लांबीची तरंगती नळी पॅसिफिकमध्ये ओढत नेली. गंमत म्हणजे कचरा तिच्यात यायचा आणि परत बाहेर निघून जायचा! कारण नळी आणि प्लास्टिक, दोघंही वाऱ्या-लाटांबरोबरच वाहणार. अडवायचं तर दोघांच्या वेगात कायम फरक हवा ना. डिसेंबरात तर नळीचा १८ मीटरचा तुकडाच तुटला. पुढे २०१९ मध्ये त्यांनी पाण्यात पॅराशूटसारखा नांगर सोडून नळीचा वेग कमी केला, तेव्हा कुठे प्लास्टिक आत टिकलं. शिवाय समुद्रात जाऊन गोळा करण्यापेक्षा नदीच्या तोंडाशी अडवणं स्वस्त, हेही हळूहळू सगळ्यांना पटलं. २०२१ च्या एका अभ्यासाप्रमाणे नद्यांमधून समुद्रात जाणारं ८० टक्के प्लास्टिक जगातल्या हजाराहून जास्त नद्यांमधून जातं. म्हटलं, आपल्याकडे नदी नाही तर नाला तर आहे!

पण आमचं नशीब असं की प्रोजेक्ट आला नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये. विधानसभेची निवडणूक! आमच्या ग्रुपमध्ये चार जण. मी, माझा पार्टनर (वर्सोव्याचा, कोळीवाड्यातला), आणि दोन महान व्यक्ती, ज्यांना सगळं कॉलेज 'नेते' आणि 'वकील' म्हणून ओळखतं. नेते महायुतीचे, वकील आघाडीचे. दोघं फर्स्ट इयरपासून एका बेंचवर बसायचे, एकमेकांची जर्नल्स उतरवायचे. ऑक्टोबर संपेपर्यंत दोघांचे बेंच वेगळे.

पहिल्या रिव्ह्यूत सरांनी सहज विचारलं, "कायदा काय म्हणतो?" मी सांगितलं, मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना, २३ जूनपासून अंमलबजावणी, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. झालं! "ती आमच्या सरकारने आणली," नेते. "आणली कोणाच्या आग्रहामुळे?" वकील. आता हा प्रश्न खरंच वाईट आहे बरं का. तेव्हा युतीचं सरकार, मुख्यमंत्री फडणवीस, पर्यावरणमंत्री शिवसेनेचे रामदास कदम, आणि बंदीसाठी मागे लागलेले युवासेनेचे आदित्य ठाकरे. २०२२ मध्ये शिवसेनाच फुटली आणि कदम एका बाजूला, ठाकरे दुसऱ्या. म्हणजे श्रेय कुणाचं यावर कँटीनमध्ये तीन चहा आरामात होतात. दंड शेवटचा कधी भरला गेला यावर अर्धा चहाही झाला नाही. सर शांतपणे म्हणाले, "तुमचा अडसर कुठे आहे?" अडसर अजून कागदावरच होता.

हे दोघं भांडत होते म्हणून मी शहाणी, असं मुळीच नाही. माझ्या स्लाइडवर एक आकडा होता. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्यात वजनाने ४६ टक्के माल मासेमारीच्या जाळ्यांचा आहे, असं २०१८ च्या अभ्यासात आलंय. मी तो लाल अक्षरात टाकला, कारण इम्पॅक्ट! पार्टनरने स्लाइड बघितली आणि लॅपटॉप मिटला. म्हणाला, "हवाईचा आकडा आणून माझ्या बापाला चोर ठरवू नकोस. आमच्या डोलीत काय येतं ते येऊन बघ." दोन दिवस तो बोलला नाही. हा मुलगा शाळेत असताना रविवारी वर्सोवा बीचवर कचरा उचलायला जायचा. अफरोज शाहांनी २०१५ मध्ये सुरू केलेली ती मोहीम. आणि मी? बीचवर फोटो काढायला.

म्हणून गेले त्याच्या घरी. त्याचे बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी नमस्कार करून सॉरीची तयारी करत होते, तर पार्टनरने आधीच चुगली केली, "बाबा, ही म्हणते समुद्रातला कचरा जाळ्यांचा." काका हसले. "फाटलेलं जालं आमी पन टाकतो, खोटं कशाला बोलू? पन बोंबलाच्या संगती पिशव्या किती येतात ते पन लिव." मग त्यांनी माझं ड्रॉइंग हातात घेतलं. उलटं धरलंय असं मला वाटलं. पण नाही, ते खाडीच्या बाजूने बघत होते.

"भरतीला काय करशील गो बाय?"

माझ्या रिपोर्टमध्ये असंप्शन नंबर तीन होतं: प्रवाह एकाच दिशेने आहे. खाडीजवळचा नाला! दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं, हे मुंबईत वीस वर्षं राहून, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ७१ मार्क मिळवून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकांनी डोलीचं समजावलं. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं मोठ्ठं पिशवीसारखं जाळं, तोंड प्रवाहाकडे. पाणी आपणहून त्यातून जातं, मासळी मागे राहते. पण पाणी फिरायच्या आत ते उचलावंच लागतं, नाहीतर आलेलं सगळं तोंडातून परत जातं. म्हणजे बोयान स्लाटच्या नळीचं दुखणं! काकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

तर डिझाइन बदललं. वीस लिटरचे रिकामे कॅन, जुनं जाळं, दोन्ही काठांना दोर, आणि ओहोटी संपायच्या आत कचरा बाहेर काढायला माणसं. मोटर लावायचं बजेट नव्हतं, म्हणून माणसं. आणि दोनच माणसं पुरत नव्हती.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही अडसर टाकला. वकील येणार नाही अशी माझी खात्री होती. आला, सुजलेल्या डोळ्यांनी. नेते गुलाल लागलेल्या शर्टातच. एक या काठावर, एक त्या काठावर, मध्ये नाला. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "त्याला सांग दोर ढिला सोड." "त्याला सांग मला कळतं."

दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, एकच चप्पल. मग एकदम अडसर मधोमध वाकला. मोठा फ्लेक्स! नाल्याच्या चिखलाने चेहरा गेलेला, नाव गेलेलं, फक्त जोडलेले हात. दोघंही दोर धरून वाकून बघायला लागले. "तुमचाच असणार." "रंग बघ ना, तुमचा!" तीन आठवड्यांत ते पहिल्यांदा थेट बोलले, आणि हे!

"पानी फिरतंय रे!" काका काठावरून ओरडले. "उचला आधी, मंग भांडा!"

कसाबसा ओढला. मोजला नाही, पण चार जण लागले. सरांना दाखवायला फोटो काढला, असंप्शन तीन खोडलं, आणि रिपोर्टच्या आभारप्रदर्शनात काकांचं नाव पहिलं टाकलं. ४६ टक्के ठेवले. खाली वर्सोव्याच्या डोलीतल्या पिशव्यांबद्दल एक परिच्छेद वाढवला, तो पार्टनरने लिहिला.

फ्लेक्स काकांनी ठेवून घेतला. घासून धुतला आणि पावसाळ्यासाठी जाळ्यांवर घालायला घडी करून माळ्यावर टाकला. कोणत्या पक्षाचा निघाला, ते नेते आणि वकील अजून विचारतात. काका म्हणतात, छापलेली बाजू आत घातली, बघितली नाय.