हातावरचे साडेसत्तावन्न फूट

माझ्या ओळखीच्या एका पोराने हातावर टॅटू काढून घेतलाय. राजमुद्रा नाही, वाघ नाही, आईचं नाव नाही. एक आडवी रेघ आणि तिच्यावर 57.5 हा आकडा. बाहेरगावच्या माणसाला काही कळणार नाही. सांगलीकराला सांगावं लागत नाही. ऑगस्ट 2019, कृष्णामाई, आयर्विन पूल.

तेव्हा तो अकरावीत होता. घरात पाणी शिरल्यावर शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या, मग बोटीतून बाहेर. टॅटू बघून आई म्हणाली, पैसे जास्त झालेत का? मित्र म्हणाले, फॅड आहे. मला ते फॅड वाटलं नाही, म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

मोठ्या संकटातून वाचलेली माणसं अंगावर त्याची खूण करून घेतात, हे जगात बऱ्याच ठिकाणी दिसतं. सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं. साल 2005. मुंबईची 26 जुलै आणि आपल्याकडचा तो आधीचा महापूर ज्या वर्षी झाला, तेच वर्ष. 29 ऑगस्टला कॅटरिना चक्रीवादळ आलं, शहराचे बांध आणि पूरभिंती फुटल्या आणि जवळपास 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. मग शोधपथकं घरोघर फिरली. तपासलेल्या घरावर स्प्रेने मोठी फुली मारायची. फुलीच्या एका खणात तारीख, एकात पथकाची खूण, एकात घरातला धोका. खालच्या खणात, आत माणसं किती सापडली, जिवंत किती, मेलेली किती.

पुढे तिथल्या कित्येकांनी लिलीचं फूल गोंदवून घेतलं, ते त्या शहराचं जुनं चिन्ह आहे. काहींनी तर ती फुलीच अंगावर काढून घेतली, तारखेसकट.

दारावरची फुली अंगावर कशाला घ्यायची? एक तर दार रंगवलं की फुली जाते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वादळ निसर्गाचं होतं, पण पूरभिंती माणसांनी बांधलेल्या होत्या. त्यांच्या आराखड्यात आणि बांधणीतच दोष होते, हे त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता विभागाने 2006 मध्ये मान्य केलं. ‘निसर्गापुढे कुणाचं काय चालतं’ असं म्हणून विषय संपवणारे तिथेही होतेच. अंगावरची तारीख असल्या बोलण्याने पुसली जात नाही.

आपल्यालाही हे परकं नाही. आमची आजी म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. तिच्या कपाळावर आणि हातावर हिरवं गोंदण होतं. जे कुणी काढून घेऊ शकत नाही ते अंगावर ठेवायचं, हे त्या बायकांना पक्कं माहीत होतं.

आता आपल्या पोराकडे येतो. मी त्याला विचारलं, पूर होऊन इतकी वर्षं झाली, आताच का? त्याने सांगितलं ते असं. ते घर आता त्यांनी भाड्याने द्यायला काढलंय. घर बघायला आलेल्या जोडप्याने विचारलं, ‘इथं पाणी येतं का हो?’ वडील म्हणाले, ‘एकदाच आलं होतं, तेही थोडं.’ पोरगं शेजारी उभं होतं. 2005 ला आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. त्याच आठवड्यात त्याने टॅटू काढला.

वडिलांना नावं ठेवायला माझं मन होत नाही. घराचं कर्ज फिटायचंय, खरं सांगितलं तर भाडेकरू मिळत नाही, विकायला काढलं तर भाव पडतो. खरं बोलायचा सगळा खर्च एकट्या घरमालकाने सोसायचा, अशी आपली रीत आहे. त्यामुळे गल्लीच्या गल्ली गप्प बसते. दिवाळीला भिंती रंगवल्या की पाण्याची रेघ गेली. आमच्या शेजारच्या काकूंनी तर पहिल्याच महिन्यात ती घासून काढली. म्हणाल्या, रोज सकाळी डोळ्यासमोर नको. त्यांचंही बरोबरच आहे. विसरायचा हक्क माणसाला आहे. शहराला नाही.

शहराकडे आकडे आहेत. आयर्विनला 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. 2019 नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल 2020 मध्ये आला. म्हणजे माहिती नाही असं नाही. पण ती नकाशात आणि अहवालात आहे. घर बघायला आलेल्या त्या जोडप्याला ती रस्त्यावर कुठे दिसते?

म्हणून मागणी साधी आहे. पूर येणाऱ्या प्रत्येक भागात, सूर्यवंशी प्लॉट असो, दत्तनगर असो की कर्नाळ रोड, सार्वजनिक जागी खुणा करा. विजेचा खांब, शाळेची भिंत, समाजमंदिर, बसथांबा. 2005, 2019 आणि 2021, तीन रेघा, तीन रंग, शेजारी वर्ष. दर उन्हाळ्यात पुन्हा रंगवा. खर्च काही डबे ऑइलपेंटचा. घराचे भाव पडतील म्हणून विरोध होईल, हे मला माहीत आहे. पण पाणी आलं की ते भाव बघून येत नाही. आणि रेघ सगळ्यांच्याच समोर असली, तर खरं बोलणारा एकटा घरमालक तोट्यात जाणार नाही.

तोपर्यंत निदान आपण एवढं करू. तुमच्या घरात, दुकानात, गोठ्यात अजून पाण्याची रेघ शिल्लक असेल, तर रंग द्यायच्या आधी जमिनीपासून टेप लावून मोजा आणि फोटो काढा. गल्लीचं नाव आणि वर्ष टाकून खाली कमेंटमध्ये द्या. घर नंबर नको, मालकाचं नावही नको. सगळ्यांचे आकडे एकत्र करून प्रभागनिहाय यादी मी याच ठिकाणी टाकतो. पावसाळ्याच्या आधी ती घेऊन आपण नगरसेवकांकडे जाऊ.