सप्रेम भेट

नल्लकुंट्यातील माझ्या घरी लिहिण्याच्या टेबलाचा डावा कोपरा अशिलांच्या कागदपत्रांसाठी राखलेला आहे. गेल्या सहा महिन्यांत त्या कोपऱ्यावर तीन पुस्तकांनी अतिक्रमण केले, आणि अतिक्रमणाविरुद्ध दावे चालविणारा मी ते मुकाट्याने पाहत राहिलो. एक निवृत्त शिक्षिकाबाईंचा कवितासंग्रह, दुसरी संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्या एका तरुणाची रहस्यकथा आणि तिसरे आमच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मामांच्या आठवणी. तिन्ही लेखकांनी आपापल्या खर्चाने छापलेली. तिन्हींच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ असे लिहून खाली सही केलेली. आणि तिन्ही न वाचलेली!

मामा हे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. परंतु उत्सवाला जमणारी आमची सारी मंडळी त्यांना मामाच म्हणतात. ते मूळचे कारवारचे. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे त्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले. घरी कोंकणी बोलावी, हिशेब आणि पत्रे मराठीत लिहावीत, ही त्या पिढीची रीत. १९६४ साली नोकरीच्या निमित्ताने ते हैदराबादेस आले आणि इथलेच झाले. आता वय ८४.

परवा समाराधनेच्या दिवशी पंक्तीत शेजारी बसले असता त्यांनी हळूच विचारले, “वाचलें रे पुस्तक?” मी म्हटले, “वाचले तर! फार छान उतरले आहे.” समोर पानावर प्रसाद वाढलेला होता, देव्हाऱ्यात समई तेवत होती, आणि मी धडधडीत खोटे बोललो. न्यायालयात साक्षीदार शपथेवर खोटे बोलला की त्याची उलटतपासणी घेणे हा माझा धंदा. मामांनी उलटतपासणी घेतली नाही. ते केवळ “बरें” म्हणाले आणि भाताकडे वळले. त्या ‘बरें’ने मला रात्री झोप येऊ दिली नाही.

मी का वाचले नव्हते? वेळ नव्हता, हे उत्तर खरे नाही. खरे उत्तर असे की, स्वखर्चाने छापलेले पुस्तक म्हणजे हौस, ही समजूत माझ्या मनात घट्ट बसली होती. ‘स्वतःच छापले हो!’ हे वाक्य आपण किती खालच्या आवाजात उच्चारतो! जणू काही लेखकाने चोरून केलेली गोष्ट आपल्याला कळली आहे. आणि इतिहास पाहावा तर नेमका उलट. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या मनात ज्ञानकोश आला तेव्हा तो छापण्यास कोणी प्रकाशक पुढे येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी ज्ञानकोशासाठी रीतसर मर्यादित कंपनी उभी केली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवले, आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्राच्या हाती तेवीस खंड दिले. कंपनीच्या कायद्याचा इतका सुंदर उपयोग माझ्या व्यवसायबंधूंपैकी किती जणांना सुचला असता, कोण जाणे.

आमच्याच मंडळींच्या घराघरांत फडताळावर असलेली ‘रसचंद्रिका’ घ्या. अंबाबाई संशी यांनी सिद्ध केलेले हे पाकशास्त्राचे पुस्तक मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४० च्या दशकात मराठीत काढले. ते बाजाराने मागितले म्हणून निघाले नव्हते. स्वयंपाकघरातील ज्ञान नाहीसे होऊ नये म्हणून निघाले होते. बाजाराने त्याची ओळख पुढे करून घेतली.

मात्र याहून मला अस्वस्थ करणारे उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्या लेखिकेची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक विस्मृतीत गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा लोकांना त्याची थोरवी कळली. मधली सुमारे नव्वद वर्षे पुस्तक वाईट होते काय? पुस्तक तेच होते. वाचणारे नव्हते. मामांच्या प्रती तीनशे. म्हणजे ताराबाईंहून दोनशे कमी. त्यांतील दोनशेंहून अधिक त्यांच्या पलंगाखाली आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी फायली बाजूस सारल्या, पेन्सिल हाती घेतली आणि मामांचे पुस्तक उघडले. एकशेऐंशी पाने. पहिली साठ पाने वंशावळ, बदल्या आणि आभार यांनी भरलेली. एका ठिकाणी ‘कारवार’चे ‘कारभार’ झालेले. मी दोनदा पुस्तक मिटले. परंतु एकशेबाराव्या पानावर एक प्रकरण आले आणि मी ताठ बसलो.

पावसाळ्यात आगबोट बंद झाली की मुंबईहून येणारी मनीऑर्डर लांबत असे. मामांची आई शेजारणीकडून शेरभर तांदूळ उसने आणी. तिला लिहिता येत नव्हते. दाराआडच्या भिंतीवर ती दर शेरामागे कोळशाची एक रेघ ओढी, आणि फेड झाली की ओल्या पोतेऱ्याने ती पुसून टाकी. ती गेली त्या वर्षी भिंतीवर एक रेघ उरली होती. मामा शेरभर तांदूळ घेऊन शेजारणीकडे गेले. शेजारीण म्हणाली, “तुझ्या आईचे माझ्याकडे काही देणे नाही.” मामांनी लिहिले आहे की, ती रेघ त्यांनी पुसली नाही, घर विकेपर्यंत ती तशीच होती. पंचवीस वर्षांच्या वकिलीत मी पुष्कळ कर्जरोखे हाताळले, पण असा दस्तऐवज पाहिला नाही.

संध्याकाळी शंकर मठाच्या रस्त्याने मामांकडे गेलो. प्रथम कबुली दिली की परवा मी खोटे बोललो. मग रेघेचे प्रकरण वाचून काय वाटले ते सांगितले. आणि नंतर, छाती धडधडत असताना, म्हटले, “मामा, पहिली साठ पाने काढायला हवीत.” ते बराच वेळ गप्प होते. मला वाटले, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचे मन मी विनाकारण मोडले. मग त्यांनी चष्मा लावला. “खंयचीं पानां काडूंक जाय, तीं दाखय.”

आम्ही दोन तास बसलो. वंशावळ त्यांनी सोडली, आभार सोडले. एका यादीवर मात्र अडले. त्यांच्या गल्लीतील बारा घरांची नावे होती. मी ती कंटाळवाणी म्हणून खुणावली होती. “या बारांपैकी नऊ घरांत आता कोणी नाही,” ते म्हणाले. “मी नाही लिहिले तर कोण लिहिणार?” मी माझी खूण खोडली. चूक माझी होती.

मग नव्या आवृत्तीचा विषय निघाला आणि त्यांनी करारपत्र काढले. परगावच्या एका संस्थेने त्यांच्याकडून पेन्शनीचे पंचाऐंशी हजार घेतले होते आणि वर हक्कही लिहून घेतले होते. पैसे लेखकाचे, हक्क मात्र दुसऱ्याचे! सुदैवाने करारात मुदत लिहिलेली नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे, मुदत नमूद नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचेच मानले जाते. त्यानंतर हक्क लेखकाकडे परत येतो. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. मामा हसले. “पांच वर्सां? आनी म्हजी पिराय?”

कायदा मला पाठ होता; त्यातील पाच वर्षांचे वजन मात्र मला त्या क्षणी कळले. हक्क आताच लेखी परत करावेत, असे पत्र मी त्या संस्थेस पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

कवितासंग्रहाच्या बाई अधिक सावध निघाल्या. त्यांनी कोणालाच काही लिहून दिले नव्हते. पण जो स्वतः छापून प्रसिद्ध करतो तो कायद्याने प्रकाशकही होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठविल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. दंडाची भीती कोणास वाटणार? पण पलंगाखालच्या प्रतींना वाळवी लागली तरी देशाच्या चार कोपऱ्यांत चार प्रती उरतील, हा त्या कायद्याचा खरा लाभ. बाईंचे पुस्तक निघून महिना उलटला होता. तरी उशीर झाला म्हणून न थांबता आम्ही चार पुडकी बांधून टपालात टाकली.

वाचकहो, आपल्या मंडळींत अशी पुस्तके दरवर्षी निघतात. देवस्थानांचे इतिहास, घराण्यांच्या कथा, ओव्या, नाटुकली, कोंकणी कविता. पुणे-मुंबईपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना छापखाना मिळतो, पैसाही कसाबसा जमतो. मिळत नाही तो एकच मनुष्य: पुस्तक सावकाश वाचून, हे ठेवा आणि हे काढा, असे तोंडावर सांगणारा. मोठ्या प्रकाशकाकडे त्या कामासाठी संपादक असतो. स्वतंत्र लेखकाकडे आपण असतो, आणि आपण ‘छान आहे’ म्हणून भाताकडे वळतो.

मी स्वतःपुरता नियम केला आहे. भेट आलेल्या पुस्तकाची किंमत लेखकाच्या हाती ठेवायची, पुस्तक पेन्सिल घेऊन वाचायचे, आणि निदान एक खरी गोष्ट सांगायची. रहस्यकथेच्या तरुणाला काल सांगितले की, त्याचा खुनी मला चाळिसाव्या पानावरच सापडला. तो खट्टू झाला. पण आज सकाळी त्याचा फोन आला, कोणत्या वाक्यावरून सापडला म्हणून.

मामांनी पहिली साठ पाने पुन्हा लिहावयास घेतली आहेत. आता ती अठरा झाली आहेत. बारा घरांची यादी पहिल्या पानावर आहे.